हॉलशिवाय परीक्षा

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये, हडसन नदीच्या बाजूला, जेविट्स सेंटर नावाचं काचेचं एक अवाढव्य प्रदर्शनगृह आहे. एरवी तिथे मोटारींची प्रदर्शनं भरतात, व्यापारी मेळे भरतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तिथे टेबलांच्या लांबच लांब रांगा लागतात आणि कायद्याचे ताजे पदवीधर वकिलीच्या परवान्याची परीक्षा देतात. २०२० च्या मार्चअखेर तिथे पुन्हा रांगा लागल्या, पण खाटांच्या. करोनाच्या साथीत लष्कराच्या अभियंत्यांनी काही दिवसांत त्या प्रदर्शनगृहाचं हजाराहून अधिक खाटांचं रुग्णालय केलं.

मग परीक्षा कुठे घ्यायची?

प्रश्न जागेचा वाटतो ना? दुसरा हॉल शोधा, बाकं लांब लांब लावा, झालं. पण पुढच्या सहा महिन्यांत अमेरिकेत जे घडलं, ते पाहिल्यावर मी चकित झालो. परीक्षेचा हॉल म्हणजे चार भिंती आणि पंखे, असं आपण समजतो. प्रत्यक्षात ते एक विलक्षण यंत्र असतं. ते काढून घेतलं, तेव्हाच कळलं की परीक्षेचा केवढा भार ते मुकाट्यानं वाहत होतं.

आधी ही परीक्षा काय असते ते पाहू. अमेरिकेत कायदा शिकायचा तर आधी कुठली तरी पदवी, मग तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम. मे महिन्यात पदवी हातात पडते आणि लगेच अडीच महिन्यांचं घोकणं सुरू होतं. परीक्षा दोन दिवसांची, बारा तासांची. बहुतेक राज्यांत एक अख्खा दिवस पर्यायी उत्तरांच्या २०० प्रश्नांचा. उरलेल्या दिवसात सहा निबंधवजा उत्तरं आणि दोन ‘कामं’.

ही कामं फार मजेदार असतात. उमेदवाराच्या हातात एक फाइल येते. तिच्यात अशिलाची पत्रं, साक्षीदारांचे जबाब, वरिष्ठ वकिलाची चिठ्ठी. सोबत कायद्याची कलमं आणि निकालांचा छोटा संच. दीड तासात त्यावरून टिपण किंवा युक्तिवाद लिहून द्यायचा. पाठांतराचा काही उपयोग नाही, कारण ही सगळी प्रकरणं ‘फ्रँकलिन’ नावाच्या राज्यात घडतात आणि असं राज्य अमेरिकेच्या नकाशावरच नाही! त्याचे कायदे काल्पनिक, न्यायालयं काल्पनिक. ते ज्या ‘पंधराव्या’ संघीय अपील-मंडळात येतं, ते मंडळही काल्पनिक. खऱ्या मंडळांचे क्रमांक अकरावर संपतात. कुठल्याच खऱ्या राज्यातल्या मुलाला घरच्या कायद्याचा फायदा मिळू नये, म्हणून परीक्षकांनी सबंध राज्य रचून ठेवलं आहे.

आपल्याकडे क्रम उलटा आहे. एलएलबी झालं की राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी करून सनद घ्यायची, कोर्टात उभं राहायला लागायचं आणि ठरलेल्या मुदतीत अखिल भारतीय बार परीक्षा द्यायची. अमेरिकेत परीक्षा आधी. ती पास झाल्याशिवाय स्वतःच्या जबाबदारीवर अशिलाला सल्ला देता येत नाही, कोर्टात त्याच्या वतीनं बोलता येत नाही. डोक्यावर शिक्षणाचं भलंमोठं कर्ज, हातातली नोकरी निकालावर अवलंबून. अशा वेळी परीक्षा दोन महिने पुढे गेली, तर दोन महिन्यांचं भाडं कुठून द्यायचं, हा प्रश्न आधी उभा राहतो.

ही परीक्षा पहिल्यापासून अशी होती का? मुळीच नाही. सुरुवातीला सगळा तोंडी मामला. न्यायाधीश किंवा जुना वकील चार प्रश्न विचारी आणि शिफारस करी. अब्राहम लिंकन वकिली करत असताना त्यांच्याकडेही उमेदवार पाठवले जात. एका उमेदवाराची आठवण नोंदलेली आहे : लिंकननी त्याची परीक्षा हॉटेलच्या खोलीत आंघोळ उरकता उरकता घेतली, मधूनमधून किस्से सांगितले आणि पुढच्या न्यायाधीशांसाठी चिठ्ठी लिहून दिली. लेखी परीक्षा मॅसॅच्युसेट्समध्ये १८५५ च्या सुमारास आली. देशभर वापरता येतील असे पर्यायी उत्तरांचे प्रश्न तर थेट १९७२ मध्ये.

आणि मधल्या काळात कित्येक राज्यांत परीक्षाच नव्हती! राज्यातल्या कायद्याच्या शाळेची पदवी दाखवली की परवाना मिळे. याला ‘डिप्लोमा प्रिव्हिलेज’, पदवीधराची सवलत म्हणतात. एकेका राज्यानं ती बंद केली. विस्कॉन्सिननं नाही केली. १८७० पासून तिथे ती चालू आहे. आज मॅडिसन आणि मिलवॉकीच्या दोन कायदा-शाळांचे विद्यार्थी ठरलेले विषय घेऊन पदवीधर होतात आणि परीक्षा न देता वकील होतात. २०२० मध्ये या प्रथेला बरोबर दीडशे वर्षं झाली. देशभर ज्या जुलैमध्ये पदवीधरांची झोप उडाली होती, त्या जुलैत विस्कॉन्सिनचे हे पदवीधर नेहमीसारखेच वकील झाले. आता गंमत ऐका. देशभरासाठी परीक्षेचे प्रश्न तयार करणारी संस्था म्हणजे नॅशनल कॉन्फरन्स ऑफ बार एक्झामिनर्स, थोडक्यात एनसीबीई. तिचं मुख्यालय कुठे असावं? विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनलाच.

आता हॉलकडे वळू. एका छताखाली हजार माणसं एकाच क्षणी एकच पाकीट फोडतात, या साध्या दृश्यात किती गोष्टी आपोआप होऊन जातात पाहा. दारात ओळखपत्र पाहिलं, म्हणजे माणूस तोच आहे हे ठरलं. सगळ्यांनी एकाच वेळी पेपर उघडला, म्हणजे आधी देणाऱ्यानं नंतर देणाऱ्याला फोन करायची सोय उरली नाही. टेबल सारखं, उजेड सारखा, घड्याळ एकच. कुणाच्या घरी आठ माणसं दोन खोल्यांत राहतात आणि कुणाला स्वतंत्र अभ्यासिका आहे, हा फरक निदान त्या दोन दिवसांपुरता दाराबाहेर राहिला. आणि संध्याकाळी प्रश्नपत्रिकेची प्रत्येक प्रत मोजून परत घेतली जाते. एकही कागद बाहेर जात नाही.

कागद बाहेर न जाण्याचा एवढा आग्रह का? परीक्षा तर संपली! इथे या परीक्षेतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट लपलेली आहे, म्हणून जरा थांबू.

समजा, गेल्या वर्षीचा पेपर अवघड निघाला आणि यंदाचा सोपा. यंदा जास्त मुलं पास झाली. ती हुशार होती की पेपर सोपा होता? दोन्ही वर्षी प्रश्न वेगळे, मुलं वेगळी. मग कशाची तुलना कशाशी करायची? बाजारात नवं माप घेतलं की जाणता माणूस घरच्या जुन्या मापाशी ते ताडून बघतो. एकच धान्य दोन्हींत ओतलं की नव्या मापाची खोट लगेच कळते. परीक्षक नेमकं हेच करतात. नव्या पेपरात ते जुन्या पेपरांतले काही प्रश्न गुपचूप पेरतात. या जुन्या प्रश्नांची उत्तरं यंदाच्या मुलांनी पूर्वीच्या मुलांइतकीच बरोबर दिली, पण नव्या प्रश्नांवर जास्त गुण मिळवले, तर मुलं तेवढ्याच ताकदीची आहेत आणि पेपर सोपा आहे, हे कळतं. मग त्या हिशेबानं गुण खालीवर करून एकाच मोजपट्टीवर आणतात. म्हणून २०१५ चे गुण आणि २०१९ चे गुण शेजारी ठेवून वाचता येतात.

आणि हे नवे प्रश्न चांगले आहेत की वाईट, ते कसं ठरतं? २०० पैकी २५ प्रश्नांना गुणच नसतात. ते पुढच्या परीक्षांसाठी तपासून पाहायचे असतात. कुठले पंचवीस, हे उमेदवाराला कधीच कळत नाही. तो प्रत्येकावर सारखीच डोकेफोड करतो. अजून शाळेत असलेल्या कुणाच्या तरी परीक्षेसाठी हा पोरगा आज घाम गाळतो आणि त्याला पत्ताही नसतो!

आता लक्षात आलं, कागद बाहेर का जाऊ द्यायचा नाही? पेरलेला जुना प्रश्न एकदा फुटला की माप ताडायचं साधन गेलं. आजची परीक्षा बिघडते ती बिघडतेच, आज आणि काल यांना जोडणारा दुवाही तुटतो. या सगळ्या नाजूक यंत्रणेच्या राखणीला बसलं होतं कोण? तर तो हॉल आणि दारातला माणूस.

मार्च २०२० मध्ये हॉल गेला. आणि अमेरिकेत वकिलीचा परवाना देशपातळीवर मिळत नाही, प्रत्येक राज्य, बहुतांशी त्याचं सर्वोच्च न्यायालय, आपापला देतं. त्यामुळे एकाच संकटावर प्रत्येक राज्यानं आपापलं डोकं लढवलं. प्रत्येकाला काही ना काही सोडून द्यावं लागणार होतं. कुणी काय सोडलं, यात खरी कहाणी आहे.

सुमारे वीस राज्यांनी काहीच सोडायचं नाही असं ठरवलं. जुलैच्या अखेरीस त्यांनी परीक्षा हॉलमध्येच घेतली. मास्क, सहा फुटांचं अंतर, दारात ताप तपासणं. काही ठिकाणी उमेदवारांकडून लिहूनही घेतलं की आजाराची जोखीम आमची आम्हाला. पंचविशीतल्या पोरांपुढे असा कागद ठेवणं मला आजही अन्यायाचं वाटतं. सही न करणाऱ्याला दुसरा रस्ताच नव्हता.

न्यूयॉर्कनं वेळ सोडली. परीक्षा सप्टेंबरवर गेली. पण अंतर राखून बसवायचं तर जागा पुरेनात. म्हणून राज्यातल्याच पंधरा कायदा-शाळांच्या नव्या पदवीधरांना आधी नोंदणी करू दिली, बाकीच्यांनी रांगेत मागे उभं राहायचं. जगभरातून, भारतातूनही, एलएलएम करून न्यूयॉर्कची परीक्षा देणारे पुष्कळ असतात. ज्यांनी दुसऱ्या राज्यात शिक्षण घेतलं होतं, ते या रांगेत अडकले. पुढे जुलैच्या मध्यावर सप्टेंबरची परीक्षाही रद्द झाली.

यूटानं तर परीक्षाच सोडली! २१ एप्रिल २०२० ला, बाकीची राज्यं तारखांचा घोळ घालत असताना, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं आदेश काढला. ठरावीक दर्जाच्या शाळांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, परीक्षेसाठी अर्ज केलेल्या पदवीधरांनी अनुभवी वकिलाच्या देखरेखीखाली ३६० तास काम करावं आणि परवाना घ्यावा. विस्कॉन्सिनची दीडशे वर्षांची वाट यूटानं आणीबाणीपुरती उघडली. जूनमध्ये वॉशिंग्टन आणि ओरेगन, जुलैत लुइझियाना आणि सप्टेंबरमध्ये राजधानीचा डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया त्याच वाटेनं गेले. राजधानीनं अट घातली की पहिली तीन वर्षं जुन्या वकिलाच्या देखरेखीखाली काढायची. विचार करा, ज्या परीक्षेशिवाय वकील तयारच होऊ शकत नाही असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं, ती काही आठवड्यांत बाजूला ठेवता आली.

इंडियानानं गुप्तता सोडली. ऑनलाइन परीक्षेचं सॉफ्टवेअर चाचणीतच कोलमडत होतं. शेवटी न्यायालयानं ते बाजूला सारलं आणि ४ ऑगस्टला प्रश्न थेट ईमेलनं पाठवून दिले! कॅमेरा नाही, पहारा नाही. पुस्तकं उघडून बसा, टिपणं काढा, उत्तरं लिहा आणि परत पाठवा. नेवाडानंही ऑगस्टमध्ये पुस्तकं उघडी ठेवून घरबसल्या परीक्षा घेतली. खरं तर वकील अशिलाला सल्ला देतो तेव्हा कपाट उघडूनच देतो ना? पाठांतरावर विसंबून सल्ला देणाऱ्याकडे तुम्ही तुमच्या जमिनीचा दावा द्याल का? मला तर या दोन राज्यांची युक्ती सगळ्यांत साधी आणि खऱ्या कामाच्या जवळची वाटते.

मिशिगननं २८ जुलैला आख्खी परीक्षा ऑनलाइन घेऊन दाखवली. अशी परीक्षा घेणारं ते पहिलं राज्य. आता इथे घड्याळाची गोष्ट बघा. हॉलमध्ये ‘सुरू करा’ म्हटलं की सगळे सुरू करतात. ऑनलाइन हे कसं साधायचं? युक्ती अशी की प्रश्नपत्रिका आधीच प्रत्येकाच्या संगणकावर उतरवून ठेवायची, पण कुलूपबंद. ठरल्या क्षणी फक्त पासवर्ड जाहीर करायचा. पेपर घरात, किल्ली बाहेर! सुंदर कल्पना. पण दुसऱ्या भागाच्या वेळी पासवर्ड ज्या पानावर मिळायचा, तिथे कित्येकांना पोचताच येईना. सॉफ्टवेअर कंपनीनं सांगितलं की बाहेरून कुणीतरी एकाच वेळी प्रचंड मागण्यांचा मारा करून यंत्रणा तुंबवली. मुलं रडकुंडीला आली. त्यांना वाढीव वेळ देऊन परीक्षा पूर्ण करून घेतली. हॉलमध्ये किल्ली न सापडणं म्हणजे शिपायाला हाक मारणं. इथे अख्ख्या राज्याची किल्ली एका पानावर टांगलेली होती.

फ्लोरिडाची मुलं आणखी दुर्दैवी. परीक्षा १८ ऑगस्टला होती. रविवारी, १६ ऑगस्टच्या रात्री ती रद्द झाल्याचं कळलं. सॉफ्टवेअर भरवशाचं नव्हतं. अडीच महिने पाठ केलेलं सगळं ऑक्टोबरपर्यंत पुन्हा डोक्यात धरून ठेवायचं!

आणि मग आला ऑक्टोबर. ५ आणि ६ तारखेला न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय यांच्यासह पुष्कळ राज्यांनी एकाच वेळी घरून परीक्षा घेतली. सुमारे ३०,००० उमेदवार. जेविट्स सेंटर आता हजारो तुकड्यांत वाटलं गेलं होतं. कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या गाडीत, कुणाच्या बाळाच्या पाळण्याशेजारी. एनसीबीईनं मोठा पेपर द्यायचं नाकारलं आणि निम्मा पेपर दिला : २०० ऐवजी १०० प्रश्न, सहाऐवजी तीन निबंध, दोनऐवजी एक काम. नव्वद-नव्वद मिनिटांचे चार भाग. नवे तपासायचे, जुने पेरायचे, असे लाखमोलाचे प्रश्न इतक्या घरांत एकदम पाठवायचे म्हणजे पोटात गोळा येणारच.

दारातल्या माणसाचं काम कॅमेऱ्यानं घ्यायचं होतं. ते कसं चाले, ते ऐकण्यासारखं आहे. सुरुवातीला संगणक चेहरा पाहून माणूस ओळखतो. मग इंटरनेट बंद. हो, बंद! परीक्षा चालू असताना संगणक जगापासून तुटलेला. कॅमेरा आणि माइक सगळं टिपून संगणकातच साठवतात. संपल्यावर जोडणी सुरू केली की ते चित्रीकरण वर जातं. तिथे आधी एक प्रणाली ते बघते : नजर वारंवार पडद्याबाहेर गेली का, दुसरा आवाज आला का, चेहरा चौकटीतून नाहीसा झाला का. तिला शंका आली तिथे खूण होते आणि मग माणूस ते बघतो.

वाचायला सोपं. पण तुम्ही अवघड प्रश्नावर विचार करताना कुठे बघता? छताकडे ना? खिडकीकडे? हॉलमधला पर्यवेक्षक हे ओळखतो, कारण तोही कधी काळी परीक्षेला बसलेला असतो. प्रणालीला ते कळत नाही. पर्यायी प्रश्नांच्या भागात पुष्कळ ठिकाणी कच्चा कागदही दिला नव्हता, त्यामुळे मोठाल्या प्रश्नांतली नावं-तारखा डोक्यातच धरायच्या आणि डोळेही हलू द्यायचे नाहीत! कॅलिफोर्नियात सुमारे ९,००० उमेदवारांपैकी ३,००० हून अधिक जणांच्या चित्रीकरणावर शंकेची खूण झाली. दर तिघांत एक! एक तृतीयांश भावी वकील लबाड असतील का? अर्थातच नाही. तपासाअंती बहुसंख्यांवरचा संशय मागे घेतला गेला. पण तोवर महिनाभर त्यांनी काय सोसलं असेल!

आणि चेहरा ओळखण्याच्या पहिल्या पायरीवरच काही सावळे, काळे उमेदवार अडकले. उजेड अपुरा आहे, चेहरा दिसत नाही, असं यंत्र पुन्हा पुन्हा सांगत राहिलं. कुणी डोक्यावर दिवे लावून बसलं. दारातल्या शिपायानं कधी कुणाला म्हटलं असेल का, की तुझ्या रंगामुळे तू मला दिसत नाहीस? म्हणून मला वाटतं, हॉलनं दिलेली समानता आपण फार स्वस्त समजत होतो.

पण त्याच दोन दिवसांत इलिनॉयमध्ये काय घडलं पाहा. एका उमेदवार बाईंना दिवस भरत आले होते. मूळ वेळापत्रकाप्रमाणे जुलैत परीक्षा झाली असती, तर त्या तेव्हा सहा-सात महिन्यांच्या गरोदर असत्या. परीक्षा पुढे ढकलली गेली आणि नेमकी नवव्या महिन्यात आली. पहिल्या दिवशी पहिल्या भागातच त्यांना कळा सुरू झाल्यासारखं वाटलं. पण कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, नाहीतर खूण होणार. त्यांनी तो भाग पुरा केला. उठल्या आणि पाणी गेलं. आवराआवर केली, नवऱ्याला फोन केला, सुइणीशी बोलल्या आणि दुसऱ्या भागाला बसल्या! तोही पुरा करून रुग्णालयात गेल्या. त्या रात्री मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी रुग्णालयानं एक रिकामी खोली दिली, दारावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावली आणि बाईंनी उरलेले दोन भाग तिथे बसून दिले. मधल्या सुट्टीत बाळाला पाजलं. आणि त्या पास झाल्या.

त्यांच्या जिद्दीला सलाम करावा तेवढा थोडाच. पण मला राहून राहून प्रश्न पडतो की बाळंतपण चालू असताना खुर्चीतून न उठणं, हे कुठल्या अशिलाच्या उपयोगाचं कौशल्य आहे?

आता गुणांचं काय झालं? ऑक्टोबरचा पेपर निम्मा होता, परिस्थिती वेगळी होती. माप ताडून बघायला पुरेसं धान्यच नव्हतं. पुष्कळ राज्यांच्या नेहमीच्या सामायिक परीक्षेचे ४०० पैकी गुण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येतात. त्यातही गंमत अशी की पास होण्याची रेघ राज्याराज्यांत वेगळी. न्यूयॉर्कला २६६ लागतात, मिझुरीला २६०. म्हणजे २६३ मिळवणारा माणूस मिझुरीत वकील आणि न्यूयॉर्कमध्ये नापास! ऑक्टोबरच्या गुणांना मात्र ही सोय नव्हती. ते ज्या राज्यात मिळवले तिथेच चालायचे. मग काही राज्यांनी आपापसात करार करून एकमेकांचे गुण मानायला सुरुवात केली.

रेघेचाच विषय निघाला तर कॅलिफोर्निया सांगायलाच हवा. तिथली मोजपट्टी निराळी आणि रेघ देशातल्या सर्वांत उंच रेघांपैकी होती : १,४४०. जुलै २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती कायमची १,३९० वर आणली. आणि पुढे आणखी एक पाऊल टाकलं. २०१५ च्या जुलैपासून ज्यांना १,३९० किंवा अधिक गुण मिळाले होते आणि जे तेव्हा नापास ठरले होते, त्यांना देखरेखीखाली ३०० तास काम करून पुन्हा परीक्षा न देता वकील होण्याची संधी दिली. कल्पना करा, चार-पाच वर्षांपूर्वी १,४२० गुण मिळवून हिरमुसलेला कुणी. त्याची उत्तरपत्रिका तीच, गुण तेच. हललेली आहे ती फक्त रेघ. पाच वर्षं तो नालायक होता का?

आपल्याकडेही याच काळात बार परीक्षा पुन्हा पुन्हा पुढे गेली आणि पंधरावी परीक्षा शेवटी २४ जानेवारी २०२१ ला झाली, केंद्रांवर, कागदावरच. आपली परीक्षा २०११ मध्ये सुरू झाली तेव्हापासून पुस्तकं सोबत नेता येत. २०२१ च्या सोळाव्या परीक्षेपासून ती बंद झाली. टिपणं नसलेले कोरे कायदेच तेवढे चालतात. अमेरिकेत दोन राज्यं पुस्तकं उघडत होती आणि जवळपास त्याच सुमाराला आपण मिटत होतो! सनद आधी आणि परीक्षा नंतर, या आपल्या क्रमाचं मोल मात्र त्या वर्षात कळलं. परीक्षा लांबली तरी तात्पुरत्या नोंदणीवर नव्या वकिलाला काम सुरू करायला वाट होती.

अमेरिकेत जुलै २०२१ पर्यंत अनेक राज्यांनी घरूनच परीक्षा घेतली. मग हॉल परतले. सगळं पूर्ववत झालं असं वाटेल, पण एकदा सुटलेल्या गाठी पुन्हा तितक्या घट्ट बसल्या नाहीत. एनसीबीईनं पाठांतर कमी आणि प्रत्यक्ष कामाचं कौशल्य जास्त अशी नवी परीक्षा बांधायला घेतली. दीड दिवसाची, नऊ तासांची. तिची सुरुवात जुलै २०२६ पासून ठरली. कॅलिफोर्नियानं तर फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वतःची निराळी परीक्षा घेऊन पाहिली. तिच्यात संगणक कोलमडले आणि काही प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं तयार केल्याचं मागाहून उघड झालं. जुलैमध्ये राज्य मुकाट्यानं जुन्या प्रश्नांकडे वळलं. माप ताडलेल्या प्रश्नांची किंमत काय असते, ते त्या उमेदवारांना विचारा.

सर्वांत दूरची मजल ओरेगननं मारली. साथीत नाइलाजानं परीक्षा बाजूला ठेवणाऱ्या या राज्यानं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तिला कायमचा पर्याय मंजूर केला आणि मे २०२४ पासून तो सुरू झाला. पदवीधरानं अनुभवी वकिलाच्या हाताखाली पगारी काम करायचं, निदान ६७५ तास. या काळात खऱ्या अशिलांसाठी केलेल्या लिखाणाचे किमान आठ नमुने जमवायचे, त्यांतली गुपितं झाकायची. अशिलाशी दोन मुलाखती आणि दोन वाटाघाटी वरिष्ठानं डोळ्यांनी पाहून त्यांचं मूल्यमापन लिहायचं. हे सगळं बाड राज्याच्या परीक्षकांकडे जातं. परीक्षक तेच, परवाना तोच. ज्याला हॉलमध्ये बसायचं आहे, त्याला हॉलही उघडा आहे. फक्त या दुसऱ्या वाटेवर फ्रँकलिन नावाचं राज्य लागत नाही. फाइलमधली घरमालकिणीनं हुसकावलेली भाडेकरू बाई खरी असते, तिची तारीख खरी असते आणि टिपण चुकलं तर वरिष्ठ ते त्याच दुपारी परत पाठवतो.